कबुलीजबाब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आरोपीने गुन्हा कबूल केल्याचे कानी पडताच लोकमत निकाल देऊन मोकळे होते. म्हणूनच यामागील तीन रूढ समजुती पारखून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : निरपराध माणूस गुन्हा कबूल करत नाही.

वस्तुस्थिती : न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील १९८९ च्या बलात्कार प्रकरणात १४ ते १६ वर्षांच्या पाच मुलांना प्रामुख्याने त्यांच्याच जबाबांवरून दोषी ठरवण्यात आले, पुढे २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए चाचणीने तिला दुजोरा मिळाला आणि पाचही जणांची दोषसिद्धी रद्द झाली. जागरण, भीती आणि सुटकेचे आमिष यांपुढे अल्पवयीन, निरक्षर वा बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती लवकर नमते, आणि प्रश्नांतूनच कळलेला तपशील तिच्या तोंडी आल्यामुळे जबाब खरा भासतो.

गैरसमज २ : पोलिसांपुढील कबुली शिक्षेस पुरेशी असते.

वस्तुस्थिती : भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ नुसार अशी कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, तिच्यामुळे एखादी गोष्ट प्रत्यक्ष उघडकीस आली, तर तेवढ्याच शोधाशी निगडित भाग ग्राह्य ठरतो. संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मकोका’ कायदा मात्र पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीला अटींसह मान्यता देतो. त्या कायद्याखालील २००६ च्या मुंबई लोकल स्फोट खटल्यात २०१५ मध्ये १२ जण दोषी ठरले. परंतु कबुल्यांतील भाग एकसारखे असल्याचे व छळ झाल्याचे नमूद करून मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी त्यांना निर्दोष ठरवले. हा निकाल इतर खटल्यांत पूर्वदाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे.

गैरसमज ३ : विशिष्ट जमातींवरील संशय सहसा खराच ठरतो.

वस्तुस्थिती : १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पूर्ण समाजांवर जन्माधारित शिक्का मारला, तो १९५२ मध्ये रद्द होऊनही अहिल्यानगर जिल्ह्यातील पारधी कुटुंबांसारख्या समूहांभोवतीचा संशय सरला नाही. त्याची किंमत जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या २००३ मधील हत्याकांडाच्या खटल्यात दिसते : येथे प्रश्न कबुलीचा नसून ओळख पटवण्याचा होता, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना फाशी सुनावली, आणि त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाईचा आदेश देताना, भटक्या जमातीतील या गरीब मजुरांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नोंदवली.

म्हणून पहिल्या चौकशीपासून वकील, चौकशीचे संपूर्ण चित्रीकरण आणि कबुलीला स्वतंत्र पुराव्याची जोड ही आरोपीवरील मेहेरबानी नसून न्यायाची किमान अट आहे. कारण निरपराधाला शिक्षा झाली, तर खरा गुन्हेगार मोकळाच राहतो आणि पीडितालाही न्याय मिळत नाही.