अंडपेशीतलं जस्त मोजताना

2016 मध्ये एक बातमी जगभर फिरली: गर्भधारणेच्या क्षणी प्रकाश चमकतो! व्हिडिओ पाहून अनेकांनी हात जोडले. पण अंडपेशी स्वतः उजळत नव्हती. तिने बाहेर फेकलेलं जस्त भोवतीच्या द्रवात मिसळलेल्या रंगद्रव्याला चिकटलं की ते रंगद्रव्य चमकत होतं. शिवाय मानवी अंडपेशींवरच्या त्या प्रयोगात शुक्राणू नव्हताच. पेशींना कृत्रिमरीत्या चेतवलं होतं.

खरी नवलाई त्या चमकेमागच्या हिशेबात आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टेरेसा वुडरफ आणि थॉमस ओ'हॅलोरन यांचे गट उंदराच्या अंडपेशी तपासत होते. पक्व होता होता ही पेशी जस्ताचे 20 अब्जांहून अधिक अणू गोळा करते आणि फलन होताच त्यातले सुमारे 10 अब्ज काही फेऱ्यांत बाहेर टाकते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्याही नसलेल्या पेशीतले अणू मोजायचे कसे?

त्यासाठी शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेतलं 1.1 किलोमीटर घेराचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र, कामी आलं. तिथला क्ष-किरणांचा झोत अतिसूक्ष्म ठिपक्यात एकवटून पेशीवरून ओळीओळीने फिरवतात. झोत अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतो, वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन त्या जागी उतरतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरण बनून बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली: लोहाची 6.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, जस्ताची 8.6. त्यामुळे रंग न लावताही कुठे काय आणि किती, याचा नकाशा मिळतो. रंगद्रव्याला फक्त सुटं जस्त सापडतं. प्रथिनांनी घट्ट धरलेलं जस्तही क्ष-किरणांच्या नजरेतून सुटत नाही.

गोम अशी, की एवढा मारा जिवंत पेशीला सोसत नाही. नमुना आधी वाळवावा किंवा गोठवावा लागतो. म्हणजे मोजदाद क्ष-किरणांकडे, हालचाल रंगद्रव्याकडे. दोन्ही तंत्रं लागतातच.

त्यातूनच कळलं, की पेशीच्या कडेला जस्ताने भरलेल्या सुमारे 8,000 पुटिका (सूक्ष्म पिशव्या) असतात आणि प्रत्येकीत साधारण 10 लाख अणू. गुणाकार करून पाहा: 8 अब्ज. बाहेर पडणाऱ्या जस्ताचा आकडा जवळपास जुळतो. हे जस्त आत असेपर्यंत पेशीचं विभाजन थांबलेलं असतं. ते गेलं की चक्र पुढे सरकतं. बाहेर पडलेलं जस्त अंडपेशीचं कवचही टणक करतं, मग दुसऱ्या शुक्राणूला आत शिरणं अवघड होतं.