वैशाखातील किनवटची फुलपाखरे

फुलपाखरे पाहावयाची ती श्रावण-भाद्रपदात, असा आपल्याकडे रूढ समज आहे आणि मराठवाड्याच्या उघड्याबोडक्या माळरानापुरता तो बराचसा खराही आहे. परंतु नांदेड जिल्ह्याच्या ज्या किनवट-माहूर मुलखात सागाचे रान अद्याप टिकून आहे, तेथे वैशाखाच्या ऐन तलखीत जो हिंडेल त्याला तो सोडून द्यावा लागेल. अट एवढीच, की त्याने फुलांच्या नव्हे, ओलीच्या मागे लागावे.

पैनगंगेच्या पात्रात, किंवा तिला मिळणाऱ्या ओढ्यांत, पाणी आटून जेथे हातभर ओल उरते, तेथे ऊन जरा चढल्यावर पिवळी-पांढरी फुलपाखरे थव्याने येऊन बसतात. तहान हे त्याचे अर्धेच कारण होय. बसणारे बहुतेक नर असतात. त्यांना हवा असतो तो चिखलातील क्षार, विशेषतः सोडियम, जो फुलांच्या मधुरसात फारसा नसतो आणि मीलनसमयी ज्याचा काही अंश मादीकडे व तिच्याद्वारे अंड्यांपर्यंत पोचता होतो. ओणवे होऊन निरखले, तर सोंड चिखलात रोवलेला नर उदराच्या टोकातून नितळ पाण्याचे थेंबामागून थेंब टाकीत असलेला दिसतो: क्षार खाती जमा, पाणी परत.

मला मात्र या थव्यांहून अप्रूप वाटते ते बॅरोनेटचे. पंख वरून झळझळीत नारिंगी, त्यांवर काळी नक्षी, खालून विटकरी. याच्या अळीचे अन्न म्हणजे टेंभुर्णीचे पान. तेच पान, जे विडीसाठी तोडावयास मे महिन्यात माणसे भल्या पहाटे रानात उतरतात. हे फुलपाखरू जमिनीलगत तरंगत जाते, पाचोळ्यावर पंख पसरून बसते, आणि उठविले तरी वारंवार आपल्या ठरलेल्या जागी परत येते. म्हणून छायाचित्रकाराने त्याच्यामागे धावू नये, त्या जागेजवळ निमूट बसून राहावे. सकाळी अंग तापविण्यासाठी पंख उघडे असतात, तीच वेळ साधावी. दुपारी ते मिटून सावलीत जाते. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. पंखांचा पृष्ठभाग आणि कॅमेऱ्याचे भिंग समांतर ठेवावे, म्हणजे चारही पंख एकाच वेळी रेखीव उमटतात; आणि जमल्यास खालच्या बाजूचेही एक चित्र घ्यावे, कारण कित्येक जातींची ओळख तेथील ठिपक्यांवरूनच पटते.

येथे एक गंमत आहे. कॉमन ईव्हिनिंग ब्राऊन या तपकिरी फुलपाखराच्या पंखांखाली पावसाळी पिढीत डोळ्यांसारखी ठसठशीत वर्तुळे असतात. कोरड्या ऋतूतील पिढीत ती जवळजवळ नाहीशी होतात आणि ते हुबेहूब वाळके पान बनते. १९५७ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केलेला विंटर-ब्लाइथ यांचा ग्रंथ, किंवा आयझॅक किहिमकर यांचे २००८चे पुस्तक, हाती असल्यावाचून नवख्याला ही दोन रूपे एकाच जातीची वाटणे कठीण.

लातुरात रान अत्यल्प, हे कबूल. परंतु ब्लॅक राजा या दणकट, वेगवान फुलपाखराची अळी चिंचेच्या पानांवर वाढते, आणि चिंचेचा तोटा लातुरात नाही. ते फुलांकडे सहसा फिरकत नाही. झाडाचा पाझरणारा चीक, सडके फळ, प्रसंगी शेणदेखील त्याला चालते. तेव्हा औसा-उदगीरकडे जाताना शेताच्या बांधावरील जुन्या चिंचेखाली एखादे पिकून काळे पडलेले केळे ठेवावे आणि तासाभराने येऊन पाहावे. अभयारण्याच्या हद्दीत मात्र असले आमिष ठेवू नये, आणि तेथे वनखात्याच्या परवानगीखेरीज पाऊलही टाकू नये.