समजून घ्या : समोरून येणारी गाडी आणि हातात तीन सेकंद; लष्करी नाक्यावरचा जवान निर्णय कसा घेतो?

भंडारा : राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नाकाबंदी दिसली की आपण गाडी बाजूला घेतो, कागदपत्रे दाखवतो आणि पुढे निघतो. संघर्षग्रस्त भागात मात्र अशाच नाक्यावर एक गैरसमज जीवावर बेततो.

वेळ किती मिळतो?

ताशी ६० किमी वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. ती ५० मीटरवर असताना लक्षात आली, तर जवानाकडे जेमतेम तीन सेकंद उरतात. चालकाने इशारा पाहून ब्रेक दाबला, तरी गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे ३५ मीटर पुढे येते. म्हणजे थांबू पाहणारी गाडीही सुरुवातीला चाल करून येणारीच वाटते.

भीती कशाची?

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात स्फोटकांनी भरलेली गाडी सीआरपीएफच्या ताफ्यावर धडकवण्यात आली. ४० जवान शहीद झाले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील दोघे होते. गोळी न चालवण्याचीही किंमत असते, हे प्रत्येक जवान जाणतो.

अंदाज चुकला तर?

३ नोव्हेंबर २०१४ रोजी काश्मीरच्या बडगाम जिल्ह्यात छत्तरगाम येथे लष्कराने एका गाडीवर गोळीबार केला. दहशतवादी पांढऱ्या गाडीतून येत असल्याची माहिती होती. मारले गेले ते दोन निरपराध तरुण. गाडी नाक्यावर थांबली नाही, असे आधी सांगण्यात आले. काही दिवसांतच लेफ्टनंट जनरल डी. एस. हुडा यांनी लष्कराची चूक जाहीरपणे मान्य केली.

कायदा काय सांगतो?

‘अफ्स्पा’ लागू असलेल्या भागात लष्कराला ठरावीक परिस्थितीत, इशारा दिल्यानंतर गोळीबाराचा अधिकार आहे. जवानावर खटला चालवायला केंद्राची मंजुरी लागते. नक्षलग्रस्त असूनही शेजारच्या गडचिरोलीत हा कायदा लागू नाही.

उपाय कोणता?

मार्च २००५ मध्ये बगदादमध्ये अमेरिकी सैनिकांच्या गोळीबारात इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी ठार झाले. सैनिकांनी नियम पाळल्याचे अमेरिकेने म्हटले. इटलीच्या अहवालाने मात्र नाक्याआधी सूचनाफलक नसल्यावर बोट ठेवले. मुद्दा हाच आहे. लांबूनच दिसणारे फलक, उजेड, गतिरोधक आणि नागमोडी लावलेले बॅरिकेड गाडीचा वेग आधीच कमी करतात. वेग ताशी २० किमीवर आला, तर त्याच ५० मीटरसाठी नऊ सेकंद मिळतात. चूक ट्रिगरवर होते, पण ती टाळायची संधी नाका उभारतानाच असते.

अशा भागात प्रवास करताना

लांबूनच वेग कमी करा, रात्री गाडीतला दिवा लावा, हात दिसतील असे ठेवा आणि सांगितल्याशिवाय खाली उतरू नका.