हिरव्या ठिपक्याची किंमत

मॉर्गन डॉलर या जुन्या अमेरिकी नाण्यावरच्या लिबर्टी देवीचा गाल मोठा आणि मोकळा आहे. तिथे काही लपत नाही. टाकसाळीतून हे चांदीचे डॉलर हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून निघत. थैल्या आपटत, नाण्यावर नाणं घासे आणि नेमके त्या गालावर ओरखडे उठत. १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत असे तीस लाखांहून जास्त डॉलर पाडले गेले. त्यातलं हातोहात फिरून झिजलेलं नाणं आज फार पैसे न मोजता मिळतं. चलनात कधी न गेलेलं, स्वच्छ गालाचं नाणं मात्र लिलावात लाखभर डॉलरांच्याही वर जातं. या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या इतक्या बारीक आहेत, की नवख्या माणसाला फरक दाखवूनही दिसत नाही. पण त्या न दिसणाऱ्या फरकालाच हजारो डॉलर पडतात.

मग नाणं कोणत्या पायरीवरचं, हे ठरवायचं कुणी? १९८६ पर्यंत बहुधा विकणाराच ठरवायचा. घेताना ‘जरा झिजलंय’ आणि विकताना ‘कोरं करकरीत’, हा व्यापार अमेरिकेतही चालत होताच.

मोजपट्टी होती, पण तिची जन्मकथा गमतीची आहे. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी श्रेणी मांडली. ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तर पट, असा त्यामागचा हिशेब. हिशेब लवकरच कोलमडला, आकडे मात्र राहिले. शेल्डन वारल्यानंतर उघड झालं, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी स्वतःकडचे हलके सेंट ठेवण्याचा उद्योग त्याने केला होता. नाण्यांचा दर्जा ठरवायला जग आजही त्याचीच मोजपट्टी वापरतं.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियात पीसीजीएस ही कंपनी सुरू झाली. तिने विक्रेत्याच्या हातून हा निवाडा काढून घेतला. एकाहून जास्त परीक्षकांनी नाणं स्वतंत्रपणे पाहायचं, आकडा ठरवायचा आणि नाणं प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करायचं. या डबीला बाजारात स्लॅब म्हणतात. पुढच्याच वर्षी जॉन अल्बानीज यांनी एनजीसी ही दुसरी कंपनी काढली. नाणं न पाहता, नुसत्या आकड्यावर फोनवरून सौदे होऊ लागले. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर अचूकतेचे दावे फुगवल्याचा ठपका ठेवला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. धंदा थांबला नाही.

या गोष्टीतला खरा माणूस म्हणजे अल्बानीज. ते एनजीसीतून बाहेर पडले आणि २००७ मध्ये न्यू जर्सीत त्यांनी सीएसी, म्हणजे सर्टिफाइड अ‍ॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन, सुरू केली. तिचं काम ऐकताना विचित्र वाटतं: पीसीजीएस आणि एनजीसी यांनी दर्जा देऊन बंद केलेलं नाणं पुन्हा पाहायचं. एकाच दर्जाच्या नाण्यांतही काही भक्कम असतात, काही बेताची आणि काही कशीबशी त्या पायरीवर चढलेली. पहिल्या दोन गटांतल्या नाण्याच्या डबीवर हिरवा, लंबगोल, चमकणारा स्टिकर लागतो. तिसऱ्या गटातलं नाणं तसंच परत जातं. नाणं आपल्या दर्जाच्या वरचं वाटलं, तर स्टिकर सोनेरी. या हिरव्या ठिपक्याला संग्राहक लाडाने ‘ग्रीन बीन’ म्हणतात.

पाहायचं काय? नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूच फिरवलं, की अस्सल कोऱ्या चांदीवर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. धातू साच्यात दाबला जाताना बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेघा उमटतात, त्यांचा हा खेळ. कुणी नाणं रसायनात बुडवून उजळवलं असेल, तर या रेघांचा वरचा थर विरघळतो. नाणं पांढरंशुभ्र दिसतं, पण पट्टे मंद पडतात किंवा दिसेनासे होतात. सोन्याच्या नाण्यांवरचे ओरखडे लपवायला लुकणासारखा लेपही लावतात. असली डॉक्टरी पकडणं हेही या स्टिकरमागचं एक काम.

तरीही नुसत्या मताला एवढी किंमत आली नसती. अल्बानीज यांनी मतामागे पैसे उभे केले. स्टिकर लागलेल्या नाण्यांना सीएसी स्वतः भाव जाहीर करून खरेदीला उभी राहिली. गिऱ्हाईक नसेल त्या दिवशीही निदान एक घेणारा आहे, ही खात्री संग्राहक विकत घेतो. म्हणून तेच वर्ष, तीच टाकसाळ आणि तोच दर्जा असूनही ठिपकेवालं नाणं महाग जातं. २०१३ च्या जानेवारीत १७९४ चा एक डॉलर १,००,१६,८७५ डॉलरना गेला. तो दुर्मीळ होताच, पण त्याच्या डबीवरही तो ठिपका होता.

हळूहळू डब्यांनाही भाव आला. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या डबीत नाणं सैल बसायचं आणि हलवलं की खुळखुळायचं, म्हणून तिला ‘रॅटलर’ म्हणतात. तेव्हाचे परीक्षक कडक होते अशी समजूत आहे. आजच्या नजरेने ते नाणं एक पायरी वर जाईल, या आशेवर लोक जुन्या डबीला जादा मोजतात. जुन्या डबीवर सोनेरी ठिपका असेल, तर बोलायलाच नको.

इथूनच काळजीचा भाग सुरू होतो. आशेवर जगणारे काही जण डबी फोडून नाणं पुन्हा पाठवतात, वरचा आकडा येईपर्यंत. जुन्या डबीतली दर्जाची चिठ्ठी कंपनीला परत केली नाही, तर एकच नाणं तिच्या नोंदीत दोनदा-तीनदा मोजलं जातं आणि दुर्मीळतेचे आकडेच खोटे पडतात. ठिपका नसलेल्या नाण्याची वेगळीच पंचाईत. ते सीएसीकडे गेलंच नाही की नापास होऊन आलं, हे डबीवरून कळत नाही. बाजार वाईट तेच धरतो आणि चांगल्या नाण्याचाही भाव पडतो.

त्यातच गेली अनेक वर्षं नकली स्लॅब फिरताहेत: आत खोटं नाणं, वर खऱ्या नोंदणीचा क्रमांक. त्याला तोड म्हणून पीसीजीएसने २०२० पासून डब्यांत चिप बसवायला सुरुवात केली. आणि २०२३ मध्ये सीएसीने व्हर्जिनिया बीचमध्ये स्वतःचीच दर्जा देणारी कंपनी उघडली. इतरांच्या निकालावर शिक्का मारणारा पंच आता स्वतः मैदानात उतरला आहे. त्याचा निकाल तपासायला उद्या आणखी एक ठिपका निघाला, तर नवल वाटायला नको.

आपल्याकडच्या संग्राहकांनी मोहात पडण्याआधी कायदा पाहावा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा घरातली शिवराई किंवा राणीछाप रुपया अमेरिकेला धाडू नका. आणि इथे कुणी स्लॅबमधलं नाणं पुढे केलं, तर आधी त्यावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत तपासा, मगच पैसे काढा.