परदेशातील इंग्रजी अध्यापन आणि फोनवरची मुलाखत

आपल्या निवासी विद्यालयात शिकून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज स्वतः शिक्षक आहेत. त्यांपैकी कित्येकांनी शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत बी.ए., एम.ए. केले, बी.एड. केले, टीईटीही दिली. तरीही तासिका तत्त्वावर काम करीत पवित्र पोर्टलवरील पुढच्या भरतीची वाट पाहत बसणे हेच अनेकांच्या वाट्याला आले आहे. अशा तरुणांपैकी काही जण आता परदेशातील शाळांकडे अर्ज करू लागले आहेत. अर्जानंतरची पहिली पायरी बहुधा फोनवरच्या मुलाखतीची असते. ती अर्ध्या तासात संपते. पण तयारी नसेल तर वर्षभराची धडपड तिथेच थांबते. म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. भारतीय शिक्षकाने परदेशी जाऊन शिकवणे ही नवी गोष्ट नाही. भूतानमध्ये १९६०च्या दशकात आधुनिक शाळा वाढू लागल्या तेव्हा तेथे शिकवण्यास मोठ्या संख्येने भारतीय शिक्षक गेले. मालदीवच्या बेटांवरील शाळांतूनही भारतीय शिक्षक आहेत. थायलंडमध्येही काही भारतीय शिक्षक इंग्रजी शिकवतात. मात्र सर्व दारे सारखी उघडी नाहीत. 'इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनीच अर्ज करावा' अशी अट अनेक जाहिरातींत असते. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा सामान्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारताशी झालेला आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाल्यावर, इंग्रजीची पदवी व अध्यापनाची अर्हता असलेल्या भारतीयांसाठी सहायक शिक्षक म्हणून तेथे एक वाट निघाली. सांगायचे ते इतकेच की, अर्ज करण्यापूर्वी त्या देशाचा नियम वाचावा. जेथे नियमच आड येतो तेथील नकार हा आपल्या पात्रतेवरचा निकाल नव्हे.

मुलाखत घेणारा काय ऐकतो?

पलीकडच्या माणसाला आपला चेहरा, कपडे, घर यांतले काहीच दिसत नसते. त्याच्याजवळ आपला आवाज तेवढा असतो, आणि त्या आवाजातून तो तीन गोष्टी शोधतो. या माणसाचे बोलणे मुलांना कळेल काय? याला शिकवता येते काय? आणि परक्या देशात हा वर्षभर टिकेल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'तुमच्याविषयी सांगा' या विनंतीतच मिळते. येथे आपली मुले पाठ केलेला परिच्छेद म्हणून दाखवतात आणि तो पाठ केलेला आहे हे दुसऱ्याच वाक्याला कळते. 'मायसेल्फ अमुक', 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' अशी आपल्याकडे रुळलेली वाक्येही तेथे खटकतात. वडील काय करतात, भावंडे किती, हे सांगण्याची गरज नसते. कोणत्या वयाच्या मुलांना शिकवले, वर्गात किती मुले होती, काय शिकवले आणि त्यातून मुलांना काय येऊ लागले, हे चार-पाच साध्या वाक्यांत सांगावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी बहुधा व्याकरणातील एखादा मुद्दा दिला जातो. उदाहरणार्थ, 'आय लॉस्ट माय की' आणि 'आय हॅव लॉस्ट माय की' यांतील फरक मुलांना कसा शिकवाल? येथे व्याख्या सांगणारा उमेदवार मागे पडतो. फळ्यावर काळाची एक रेघ काढीन. किल्ली काल हरवली ती खूण एका ठिकाणी करीन. मग खिसे चाचपत दारासमोर उभा असलेला मुलगा दाखवीन आणि विचारीन, 'आता किल्ली त्याच्याजवळ आहे का? तो घरात जाऊ शकेल का?' असे जो सांगतो तो शिक्षक आहे हे पलीकडे कळते. मराठी माणसाला हा फरक मुळात अवघड नाही. 'काल माझी किल्ली हरवली' आणि 'माझी किल्ली हरवली आहे' हे आपण रोज बोलतोच.

आपली खरी जमेची बाजू हीच आहे. इंग्रजी जन्माने मिळालेल्या माणसाला ती कशी शिकावी लागते याचा अनुभव नसतो. आपण ती एकेक पायरी चढून शिकलो. पाय कोठे घसरतो हे आपल्याला ठाऊक आहे. 'मातृभाषा इंग्रजी नसताना तुम्ही का शिकवावे?' असा प्रश्न आला तर ओशाळून न जाता हेच उत्तर शांतपणे द्यावे.

याच ओघात शिस्तीचा प्रश्न येतो. 'वर्गात मुले गोंधळ घालतात, तुम्ही काय कराल?' शिक्षा करीन, हे उत्तर तिथल्या तिथे मुलाखत संपवते. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कामात गुंतवणे, जोड्या बदलणे, गोंधळ घालणाऱ्याला जबाबदारी देणे असे आपण प्रत्यक्ष करीत असलेले उपाय सांगावेत.

उच्चार आणि कान

परदेशी लकब उसनी आणण्याचा खटाटोप करू नये. हवा तो स्पष्टपणा. मराठी भाषकाने दोन-तीन गोष्टींकडे लक्ष दिले तरी पुष्कळ फरक पडतो. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ गोल होतात. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'जाळे' आणि 'जीवन' यांतील 'ज' आपण वेगळे उच्चारतो. 'झू' म्हणताना 'जाळे'मधला 'ज' जवळचा आणि 'ज्यूस' म्हणताना 'जीवन'मधला. तिसरी गोष्ट आघाताची. 'फोटोग्राफ' या शब्दात जोर पहिल्या अवयवावर, तर 'फोटोग्राफर' मध्ये दुसऱ्यावर पडतो. मराठीत असा आघात अर्थाला महत्त्वाचा नसल्याने आपण सर्व अवयव सारख्या जोराने म्हणतो, आणि ऐकणारा गोंधळतो.

आपल्या समाजाचा इंग्रजीशी संबंध कसा जडला हे येथे आठवणे योग्य होईल. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतील शिक्षक. त्यांनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कसून करून घेतली. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्या पायावर त्यांचे अफाट वाचन उभे होते. पाठमालेची ती परंपरा आपल्या शाळांतून पुढे चालत आली आणि तिने आपल्याला वाचन-लेखन दिले. फोनवर मात्र कानाची परीक्षा असते आणि कान केवळ पुस्तकाने तयार होत नाही. म्हणून महिनाभर रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकाव्यात. दोन मित्रांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून फोनवर परस्परांच्या मुलाखती घ्याव्यात, त्या मोबाईलवर रेकॉर्ड कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी ऐकाव्यात. आपण किती भरभर बोलतो हे तेव्हाच उमगते.

प्रश्न नीट ऐकू आला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नये. 'सॉरी, कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?' असे विचारण्यात कमीपणा नाही. दूरच्या फोनवर आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. म्हणून पलीकडचे वाक्य संपल्यावर मनात 'एक-दोन' म्हणून मग बोलावे.

वेळ, जागा, कागद

मुलाखतीची वेळ कोणत्या देशाची हे लेखी विचारून घ्यावे. बँकॉकमध्ये सकाळचे १० वाजतात तेव्हा कोल्हापुरात ८.३० झालेले असतात. सोलमध्ये १० तेव्हा आपल्याकडे ६.३०, थिंफूमध्ये १० तेव्हा ९.३०, आणि मालेमध्ये १० तेव्हा आपल्याकडे १०.३०. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे वीज व नेटवर्क यांचा भरवसा नसतो. अशा वेळी आदल्या दिवशीच शहरातील मित्राच्या खोलीवर मुक्कामास यावे. कुकरची शिट्टी, टीव्ही, दारावरची हाक यांपासून दूर बसावे. समोर अर्जाची प्रत, शाळेची माहिती आणि मुद्द्यांचा एक कागद ठेवावा. फोनवर तेवढी सवलत असते. मात्र कागद वाचून दाखवू नये.

पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांतील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आधीच पाहावे. नाव वा आडनाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत हाताशी असावी.

आपणही प्रश्न विचारावेत

शेवटी 'तुम्हांला काही विचारायचे आहे का?' असे म्हटले जाते. 'नो सर, थँक्यू' म्हणून फोन ठेवू नये. आठवड्याला तास किती, वर्गात मुले किती, राहण्याची सोय कोणाची, व्हिसा व कामाच्या परवान्याचा खर्च कोण करणार, करार लेखी केव्हा मिळणार, हे विचारावे. 'आधी पर्यटक व्हिसावर या, मग पाहू' असे उत्तर आले तर तेथेच थांबावे. पर्यटक व्हिसावर नोकरी करणे बेकायदेशीर असते.

पालकांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन मिनिटे गोड बोलून 'तुमची निवड झाली, पैसे भरा' असे सांगणारा फोन ही मुलाखत नव्हे. एमिग्रेशन कायदा, १९८३ नुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. २०२२ मध्ये थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने गेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे उघड झाले आणि परराष्ट्र मंत्रालयाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. शेत गहाण टाकून, बचत गटाचे कर्ज काढून अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे भरण्यापूर्वी मुलाने मुलाखतीत कोणते प्रश्न विचारले आणि कोणती उत्तरे मिळाली, हे आईवडिलांनी त्याच्या शेजारी बसून ऐकावे.

ज्या घरात इंग्रजीचे पहिले अक्षर विद्यालयातल्या फळ्यावरून पोहोचले, त्या घरातील मुलगी उद्या थिंफूच्या वा बँकॉकच्या वर्गात तीच भाषा दुसऱ्यांच्या मुलांना शिकवील, हे अशक्य नाही. ज्यांना मुलाखतीचा सराव करावयाचा असेल त्यांनी रविवारी विद्यालयात यावे. प्रश्न विचारावयास आम्ही शिक्षक आहोतच. आणि आधी जाऊन आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी या कामी एखादा तास दिला, तर मागून येणाऱ्यांची वाट अधिक सोपी होईल.

जय भीम!