आमच्या माउल्यांचे नांदणे

गेल्या वर्षी सांगली जिल्ह्यातल्या एका वस्तीत आम्ही पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, फोटोला हार पडले, भाषणे झाली. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. आणि जिचा नवरा गेला ती बाई कुठे होती? आतल्या खोलीत भिंतीला टेकून, मोकळ्या हातांनी बसलेली. बांगड्या कुणी उतरवल्या म्हणून आम्ही आधीच विचारले होते. "रीत आहे भाऊ," नणंद म्हणाली. १९५६ नंतर धम्मात आलेल्या घरात ही रीत! भाषणात मात्र आम्ही त्याविषयी चकार शब्द काढला नाही. हे येथे कबूल करतो.

तेव्हापासून मनात एक गोष्ट घोळते आहे. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या बायकांनी प्रेम, लग्न आणि दुःख हे सारे कसे निभावले असेल?

फार मागे गेले तर साताऱ्याच्या नायगावी जावे लागते. सावित्रीमाईंचे हे माहेर. २९ ऑगस्ट १८६८ रोजी त्यांनी इथून जोतीरावांना पत्र लिहिले. गणेश नावाचा पंचांग सांगणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचे प्रेम जमले. तिला दिवस गेले. गावाला कळताच दोघांना मारायला लोक धावले. माई मध्ये पडल्या. जीव घेतलात तर इंग्रज सरकारचा कायदा तुम्हाला सोडणार नाही, असा धाक त्यांनी घातला आणि दोघांचे प्राण वाचवले. गाव मात्र त्यांना सोडावे लागले. वाचकहो, आजही पोरापोरीने जातीबाहेर लग्न केले की आपल्याकडे किती घरांत दिवा लागत नाही, हे आपणच आठवावे. कोयते काढणारे आजही आहेत. मध्ये पडणारी माई मात्र क्वचित दिसते.

पुढे १८९६ साली साताऱ्यातच भीमाबाईंनी देह ठेवला. लहानगा भीम तेव्हा पाच वर्षांचा. पाठीने अधू असलेल्या मीराआत्याने ही भावंडे सांभाळली. वडिलांनी दुसरे लग्न केले, आणि आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून या पोराला राग येई, असे चरित्रकार लिहितात. मीराआत्याचे नाव मात्र आपल्या जयंतीच्या व्यासपीठावर फारसे कुणी घेत नाही.

आता फलटणला येऊ. बेबीताई कांबळे यांचा जन्म १९२९ सालचा. वयाच्या तेराव्या वर्षी कोंडिबा कांबळे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. संसाराला हातभार म्हणून त्यांनी द्राक्षे विकायला सुरुवात केली. मग भाजीपाला आला, मीठ-मिरची आली आणि दुकान उभे राहिले. पुड्या बांधायला जी रद्दी येई ती त्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. पण कसे? नवऱ्यापासून चोरून! लिहिलेले कागद वीस वर्षे घरात दडवून ठेवले. बाबासाहेबांची चळवळ मानणाऱ्या घरातली ही गोष्ट आहे, परक्या कुणाची नाही.

'जिणं आमुचं' हे त्यांचे पुस्तक १९८६ साली आले. त्यात सासुरवाशिणीच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा आहे. सासर सोसवेना म्हणून पळून गेलेल्या कोवळ्या पोरीला पकडून आणायचे आणि पायात तो ओंडका घालायचा. पाय रक्ताळायचा, तरी दळण-पाणी चुकत नसे. हे करणारे आपलेच बापभाऊ होते. गावाने आपल्याला छळले हे आपण मोठ्याने सांगतो. आपण घरात काय केले ते बेबीताईंनी सांगितले.

स्वतःचे मात्र त्यांनी पुस्तकात फारसे लिहिले नाही. पुढे पुस्तक इंग्रजीत गेले तेव्हा मुलाखतीत त्या बोलल्या. एकदा सभेसाठी मुंबईला निघाल्या असता रेल्वेच्या डब्यात काही पोरांनी त्यांच्याकडे पाहिले. एवढ्यावरून नवऱ्याने त्यांना इतके मारले की नाकातून रक्त वाहू लागले. सभेला जाणाऱ्या बाईला सभेच्याच वाटेवर मार! आम्ही हे वाचले तेव्हा दोन दिवस कुठल्या मीटिंगला गेलो नाही. याच बाईंनी पुढे फलटणजवळ निंबुरे येथे मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २१ एप्रिल २०१२ रोजी त्या गेल्या.

सांगलीकडच्या शांताबाई कांबळे यांची तऱ्हा निराळी. जन्म १९२३ चा, सोलापूरकडच्या महूदचा. लग्न होऊन त्या आटपाडी भागातल्या करगणीच्या झाल्या. नवरा मास्तर, म्हणजे त्या काळी केवढे सुख! पण मास्तरांनी दुसरी बायको केली. शांताबाई रडत बसल्या नाहीत. माहेरी निघून गेल्या आणि १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. पुढे दोघे पुन्हा एकत्र नांदले. पण आता त्यांच्या हाती स्वतःचा पगार होता, आणि पगारी बाईचे नांदणे वेगळे असते हे आम्ही हिशेबनीस म्हणून खात्रीने सांगू शकतो. नंतर जत तालुक्यात त्या शिक्षण खात्यात अधिकारी झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. त्यावरची 'नाजुका' ही मालिका १९९० साली दूरदर्शनवर आली.

त्यांचा मुलगा म्हणजे दलित पँथरचे अरुण कांबळे. २००९ च्या डिसेंबरात हैदराबादला त्यांचा अंत झाला. आईचे वय तेव्हा शहाऐंशी. त्यानंतरही ही माउली तेरा वर्षे जगली. जानेवारी २०२३ मध्ये गेली तेव्हा शंभरी जवळ आली होती.

कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनाही विसरता येत नाही. प्रतिसरकारच्या लढ्यात त्यांनी उडी घेतली. पती बाबूजींचा १९५२ साली खून झाला. त्यांनी शाळेत शिकवून मुलगा वाढवला, आणि पुढे नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घेऊन हक्कासाठी मोर्चे काढले. टाकलेल्या बाईला 'परित्यक्ता' हा शब्द मिळाला, रेशनकार्ड मागायची हिंमत मिळाली, ती अशा चळवळींतून.

आता थोडे कागदाचे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली बायको हयात आणि फारकत झालेली नसताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते. तरी आमच्या टेबलावर काय येते? एक बाई आली. नवरा मेला तेव्हा तिला तेरा वर्षे माहेरी टाकलेले. पेन्शनच्या फॉर्मवर दुसरीचे नाव. दुसरी बिचारी तिच्यासारखीच अडाणी, तीन पोरांची आई. कायद्याने पेन्शन पहिलीची होती. पण लग्न झाले याचा पुरावा काय? विहारात लागलेले लग्न, नोंद कुठेच नाही, पत्रिका फाटलेली. भन्तेजी वारलेले. दोन साक्षीदार शोधायला आम्हाला पाच महिने लागले. त्यातला एक जण म्हणाला, "भाऊबंदांचा वाईटपणा कोण घेणार?" शेवटी मावळणीने अंगठा दिला.

विहारात लग्न लावले की त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत वा पालिकेत नोंद करावी. फोटो, वयाचे दाखले आणि साक्षीदार लागतात. ज्यांची राहिली असेल त्यांनी आताही करावी.

आणि हो, २०२२ च्या मे महिन्यात शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की विधवेचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारने मग इतर गावांनाही तसे कळवले. पुढच्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात हा विषय आम्ही मांडणार आहोत. त्या वहिनींना निरोप धाडला आहे. येते म्हणाल्या, पण नणंदेला विचारून.