सायकलवाल्यालाही हक्क आहेत

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आता तिथे मोटारींची दाटी झाली. तरी पहिल्या पाळीला सायकल मारत जाणारा कामगार रस्त्यावर आहेच. त्याच्यामागे हॉर्न वाजतात, शिव्या येतात. धक्का लागला तर चूकही त्याचीच ठरते आणि शे-दोनशे रुपये हातावर ठेवून प्रकरण मिटवले जाते.

बंधू-भगिनींनो, कायदा असे सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना २ लाख व गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई ठरलेली आहे. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी. गाडी सापडल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ६ महिन्यांच्या आत दावा लावावा.

म्हणून गाडीचा नंबर टिपा, पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद जपा. आपणही सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर लावा, उलट्या बाजूने जाऊ नका. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, तर शे-दोनशे रुपयांत चूल किती दिवस पेटणार?